उणे अठरा अंशांवरचे जीवाणू

२००५ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या वेस्ट हॉलिवूडमध्ये, घरांच्या रांगेतच, ‘पिंकबेरी’ नावाचं एक छोटंसं दुकान उघडलं. शेली ह्वांग आणि यंग ली हे दोघे त्याचे मालक. विकायला गोठवलेलं दही, तेही दोनच चवींचं: एक साधं, जिभेला स्पष्ट आंबट लागणारं, आणि दुसरं ग्रीन टीचं. वर हवी ती ताजी फळं. थोड्याच दिवसांत दुकानाबाहेर इतक्या रांगा लागू लागल्या की आसपासचे रहिवासी गाड्यांच्या गर्दीने त्रासले, आणि गिऱ्हाइकं मात्र पार्किंगचा दंड भरूनही येत राहिली. दोन वर्षांनी याच दह्यावरून न्यायालयात दावा दाखल झाला. दावा करणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: हे दही म्हणून विकलं जातं, आरोग्याला चांगलं म्हणून सांगितलं जातं, पण दह्यात असायला हवेत तितके जिवंत जीवाणू यात आहेत का?

२००८ मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटलं. कंपनीने आरोप मान्य केला नाही; साडेसात लाख डॉलर सामाजिक संस्थांना देण्याचं ठरलं. दाव्यामागचा प्रश्न मात्र फार मोलाचा होता, आणि तो एका दुकानापुरता नव्हता. अमेरिकेत आइस्क्रीम कशाला म्हणायचं हे केंद्रीय कायद्याने ठरवलेलं आहे. त्यात किमान १० टक्के दुग्धस्निग्धांश असावा लागतो. गोठवलेल्या दह्यासाठी अशी केंद्रीय व्याख्याच नाही. काही राज्यांचे आपापले नियम आहेत, बाकी सगळं उत्पादकावर सोपवलेलं. त्यामुळे एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ विकले जाऊ शकतात. एकात कोट्यवधी जीवाणू गोठलेल्या अवस्थेत वाट पाहत असतात. दुसऱ्यात त्यांची फक्त आंबट चव उरलेली असते.

गोठवलेल्या दह्याचे आरोग्याला काय फायदे, हे विचारण्याआधी कपातलं दही या दोहोंपैकी कोणतं, हे विचारायला हवं.

दह्याचा आणि आरोग्याचा संबंध माणसाने फार पूर्वीच जोडलेला होता, पण त्याला प्रयोगशाळेची भाषा मिळाली ती पॅरिसमध्ये. इल्या मेचनिकोव्ह हा रशियन शास्त्रज्ञ तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होता. शरीरातल्या काही पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हा त्याचा मोठा शोध. त्यासाठी १९०८ मध्ये त्याला पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं. उतारवयात त्याला म्हातारपणाच्या प्रश्नाने झपाटलं. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्यातून विषारी द्रव्यं तयार होतात आणि शरीर झिजतं, अशी त्याची धारणा होती. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात आणि ते आंबवलेलं दूध भरपूर पितात, हे त्याच्या वाचनात आलं होतं. १९०४ मध्ये त्याने पॅरिसमध्ये याच विषयावर जाहीर व्याख्यान दिलं आणि युरोपभर दह्याची लाट उसळली. पुढच्याच वर्षी जिनिव्हात शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या देशातल्या दह्यातून एक काडीसारखा जीवाणू वेगळा काढला. आज त्याला आपण ‘लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस’ म्हणून ओळखतो.

मेचनिकोव्हची दिशा बरोबर होती, तपशील चुकला होता. येल विद्यापीठातल्या लिओ रेटगर यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिलं की बल्गॅरिकस माणसाच्या आतड्यात मुक्काम करत नाही. जठरातलं आम्ल आणि पुढचा पित्तरस यांतून त्यातले फार थोडे तगतात, आणि जे तगतात तेही वाट धरतात. मग जो तगेल असा जीवाणू शोधण्याचं काम सुरू झालं. क्योटोमध्ये मिनोरू शिरोता या डॉक्टरने १९३० मध्ये असा एक वाण निवडून वाढवला आणि १९३५ मध्ये तो ‘याकुल्ट’ या छोट्या बाटलीतून बाजारात आणला. त्याआधी, १९१९ मध्ये, बार्सिलोनात आयझॅक कारासोने ‘दानोन’ची सुरुवात केली होती; त्याचं दही सुरुवातीला औषधांच्या दुकानांतून विकलं जाई. दही म्हणजे औषध ही कल्पना बाजाराने अशी फार लवकर उचलली आणि आजतागायत सोडलेली नाही.

गोठवण्याची कल्पना अमेरिकेची. १९७० च्या दशकात न्यू इंग्लंड भागातल्या एच. पी. हूड या डेअरीने मऊ आइस्क्रीमच्या यंत्रातून दही काढून पाहिलं आणि त्याला ‘फ्रोगर्ट’ असं नाव दिलं. अमेरिकी जिभेला ते फार आंबट वाटलं. मग आंबटपणा कमी करत, साखर वाढवत, चव आइस्क्रीमजवळ नेण्याचा उद्योग झाला. १९८१ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात फ्रँक हिकिंगबॉथम यांनी ‘टीसीबीवाय’ ही साखळी सुरू केली आणि त्या दशकात तिची दुकानं हजारावर गेली. तो काळ स्निग्धांशाला घाबरण्याचा होता. लोणी नको, साय नको, आइस्क्रीम नको. कमी चरबीचं गोठवलेलं दही मात्र मनात अपराधीपणा न ठेवता खाता येत होतं. त्या वेळी जाहिरातीत जीवाणूंचा उल्लेख फारसा नव्हता. ‘चरबी कमी’ एवढंच पुरे होतं. जीवाणू पुढे आले ते पिंकबेरीच्या दुसऱ्या लाटेत, जेव्हा आंबट चवच अभिमानाने मिरवली जाऊ लागली आणि ‘प्रोबायोटिक’ हा शब्द दुकानांच्या भिंतींवर चढला.

आता मुख्य शंकेकडे वळू. थंडीने जीवाणू मरत नाहीत का?

सरसकट मरत नाहीत, आणि याचा सर्वांत भक्कम पुरावा स्वतः प्रयोगशाळाच आहेत. जगभरचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जीवाणू जपून ठेवायचे असले की ते गोठवतात. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या उत्क्रांतीच्या प्रसिद्ध प्रयोगातले ई. कोलाय जीवाणू ठरावीक टप्प्यांवर उणे ८० अंशांवर ठेवले जातात, आणि कित्येक वर्षांनी बाहेर काढून त्यांना पुन्हा वाढवता येतं. डेअऱ्यांना लागणारं विरजणसुद्धा कंपन्या गोठवलेल्या किंवा गोठवून वाळवलेल्या रूपात पाठवतात. थंडीत जीवाणूचे सगळे व्यवहार थांबतात: तो खात नाही, वाढत नाही, आम्ल सोडत नाही. धोका आहे तो गोठत असतानाच्या थोड्या वेळात.

पाणी गोठू लागलं की त्याचे स्फटिक शुद्ध पाण्याचे बनतात. साखर, क्षार आणि आम्ल मागे राहिलेल्या पाण्यात साठत जातात आणि ते पाणी क्षणोक्षणी दाट होत जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की त्यांचं पाणी बाहेर येतं, तसं या दाट द्रवात अडकलेल्या जीवाणूच्या आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. पेशी आकसते, तिच्या आवरणाला सुरकुत्या पडतात, कधी ते फाटतं. गोठणं संथ असेल तर बर्फाचे स्फटिकही मोठे होतात आणि इजा वाढते. म्हणून वेग महत्त्वाचा.

गोठवलेल्या दह्याच्या यंत्रात हा वेग साधलेला असतो. थंडगार नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर मिश्रणाचा पातळ थर गोठतो न गोठतो तोच आत फिरणारं पातं तो खरवडून मधल्या मिश्रणात ढकलतं. त्यामुळे स्फटिक बारीकच राहतात, जिभेला चरचर लागत नाही, आणि जीवाणूंनाही त्यातल्या त्यात कमी मार बसतो. मिश्रण उणे ५ ते उणे ७ अंशांच्या आसपास यंत्रातून बाहेर पडतं, तेव्हा त्यातलं साधारण निम्मं पाणी गोठलेलं असतं. मऊ दही तसंच कपात पडतं. डब्यात भरून विकायचं असेल तर ते आणखी थंड खोलीत नेऊन घट्ट करतात आणि उणे १८ अंशांवर किंवा त्याखाली साठवतात.

यात काही जीवाणू मरतातच. पण दह्याच्या मिश्रणातली साखर, दुधाची प्रथिनं आणि स्निग्धांश त्यांच्याभोवती राखण करतात. प्रयोगशाळेत ग्लिसरॉल घालून जे साधतात ते इथे काही अंशी आपोआप घडतं. एकदा घट्ट गोठल्यावर, तापमान खाली-वर झालं नाही तर, संख्या महिनोन् महिने फारशी घटत नाही. सगळ्या जीवाणूंची सहनशक्ती मात्र सारखी नसते. दह्यातला दुसरा मुख्य जीवाणू ‘स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस’ गोल, माळेसारखा वाढणारा. तो लांबट बल्गॅरिकसपेक्षा गोठणं चांगलं सोसतो. बिफिडोबॅक्टेरियांची अडचण निराळी आहे. त्यांना प्राणवायू मानवत नाही, आणि हे दही हलकं व्हावं म्हणून यंत्र त्यात भरपूर हवा घुसळतं.

थंडीपेक्षा जास्त घात करते ती उष्णता, आणि ती गोठवण्याच्या आधी येते.

गोठवलेलं दही बनवण्याच्या रीती अनेक आहेत. उत्तम रीतीत दूध, दुधाची भुकटी आणि साखर यांचं मिश्रण तापवून ४० ते ४५ अंशांपर्यंत निववतात, विरजण लावतात, दही लागू देतात आणि मग थेट गोठवतात. दुसऱ्या रीतीत फक्त काही भागाचं दही लावतात आणि ते आइस्क्रीमच्या गोड मिश्रणात मिसळतात. इथे जीवाणू मिश्रणाच्या प्रमाणात विरळ होतात. तिसरी रीत घातक: दही लागल्यावर ते टिकाऊ व्हावं म्हणून पुन्हा तापवतात. या तापवण्यात जीवाणू मरतात. चव तशीच राहते, आंबटपणा तसाच राहतो, कॅल्शियम आणि प्रथिनंही राहतात, पण जिवंत असं काही उरत नाही. काही ठिकाणी तर आंबटपणा सायट्रिक आम्ल घालूनच आणतात. गिऱ्हाइकाला कप हातात घेऊन यातला फरक ओळखता येत नाही. चमचा तोंडात घालूनही नाही.

हा फरक दिसावा म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल योगर्ट असोसिएशनने ‘लाइव्ह अँड ॲक्टिव्ह कल्चर्स’ अशी खूण सुरू केली. थंड ठेवलेल्या ताज्या दह्यासाठी तिची अट बनवतेवेळी एका ग्रॅममध्ये १० कोटी जीवाणू. गोठवलेल्या दह्यासाठी अट दसपट सैल: ग्रॅमला १ कोटी. अर्ध्या कपात साधारण ७२ ग्रॅम गोठवलेलं दही बसतं असं धरलं तर ही खूण असलेल्या कपात किमान ७२ कोटी जीवाणू व्हायला हवेत. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो कशाच्या शेजारी ठेवायचा हे महत्त्वाचं. भारतात मिळणाऱ्या याकुल्टच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ६५० कोटी जीवाणू असल्याचं सांगितलं जातं. ग्रॅमला १० कोटी या हिशेबाने १०० ग्रॅम ताज्या दह्यात १००० कोटी होतात. आणि माणसाच्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, आधीच वस्तीला असलेल्या जीवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी असल्याचा अंदाज इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडला. एवढ्या मोठ्या गर्दीत ७२ कोटी पाहुणे काय करणार?

काही करू शकतात, जर ते योग्य वाणाचे असतील.

२००१ मध्ये अर्जेंटिनातल्या कोर्दोबा इथे जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिच्यातून प्रोबायोटिकची व्याख्या ठरली: पुरेशा प्रमाणात दिल्यावर शरीराला आरोग्याचा लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. या व्याख्येतला प्रत्येक शब्द कामाचा आहे. जीव जिवंत हवा, प्रमाण पुरेसं हवं, आणि लाभ दाखवलेला हवा. दह्याचं विरजण म्हणून जे जीवाणू वापरतात ते सगळे आपोआप प्रोबायोटिक ठरत नाहीत. एकाच जातीतले दोन वाण आतड्यात अगदी वेगळे वागू शकतात. म्हणून शास्त्रीय निबंधांत जीवाणूच्या नावापुढे वाणाची अक्षरं असतात, उदाहरणार्थ ‘जीजी’. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात शेरवुड गोरबाख आणि बॅरी गोल्डिन यांनी वेगळ्या काढलेल्या या वाणाला त्यांच्याच आडनावांची आद्याक्षरं मिळाली आहेत.

भारतातल्या दोन मोठ्या चाचण्या इथे सांगायलाच हव्यात, कारण जगातल्या प्रोबायोटिक संशोधनात त्यांचं वजन आहे. कोलकात्याच्या झोपडवस्तीत १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांना १२ आठवडे रोज एक पेय दिलं गेलं. काहींच्या पेयात शिरोता वाण होता, काहींच्या पेयात नव्हता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वाण मिळालेल्या मुलांमध्ये जुलाबांचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी होतं. लाभ खरा, पण माफक. दुसरी चाचणी ओडिशाच्या खेड्यांमधली. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बाळांवर केलेल्या या अभ्यासात ‘लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम’चा एक निवडक वाण आणि त्याचं खाद्य असलेली एक शर्करा तोंडावाटे दिली. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निष्कर्षांत रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ४० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. नवजात बाळांच्या मृत्यूंशी झगडणाऱ्या देशासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण ही बाळं किमान २ किलो वजनाची आणि ३५ आठवडे पूर्ण केलेली होती. अगदी कमी दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबाबत अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०२३ मध्ये धोक्याची सूचना दिली, कारण त्यांच्यात हेच जीवाणू रक्तात शिरून जीवघेणे ठरू शकतात. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली आहे अशा मोठ्या माणसांनीही प्रोबायोटिक डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. जिवंत वस्तूचा उपयोग आहे तसा तिचा धोकाही असू शकतो, हे जाहिरातींत कधी येत नाही आणि यायला हवं.

उलट दिशेचे निष्कर्षही आहेत. २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अमेरिकी चाचणीत जुलाब-उलट्यांनी आजारी पडून रुग्णालयात आणलेल्या लहान मुलांना जीजी वाण दिला, त्याचा काही उपयोग दिसला नाही. अमेरिकेतल्या पचनविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सगळा पुरावा तपासून बहुतेक पचनविकारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस करण्याचं टाळलं. प्रतिजैविकं घेणाऱ्या रुग्णांमधला एक विशिष्ट संसर्ग टाळण्यासारख्या मोजक्या प्रसंगी काही वाणांना सशर्त मान्यता दिली. यातल्या कुठल्याही चाचणीत दुकानातलं गोठवलेलं दही वापरलेलं नव्हतं. पेयाच्या, भुकटीच्या किंवा कॅप्सूलच्या चाचणीचं श्रेय दुकानदाराने आपल्या कपाला जोडणं ही सरळ दिशाभूल आहे.

दह्याच्या साध्या विरजणाचा एक फायदा मात्र पक्का आहे, आणि तो भारतासारख्या देशाला जवळचा आहे. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांच्या आतड्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं विकर लहानपणानंतर कमी होत जातं. अशांना पेलाभर दूध प्यायल्यावर पोट फुगणं, गुरगुरणं, जुलाब असा त्रास होऊ शकतो. दही त्यांना पचतं. एक कारण म्हणजे आंबताना काही लॅक्टोज आधीच संपलेलं असतं. दुसरं कारण १९८४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं: दह्यातले जीवाणू स्वतःचं लॅक्टोज फोडणारं विकर घेऊन आतड्यात पोचतात, तिथे ते फुटतात आणि त्यांचं विकर आपल्या कामी येतं. म्हणजे बल्गॅरिकस आतड्यात राहत नाही ही मेचनिकोव्हच्या कल्पनेची अडचण इथे अडचण उरतच नाही. त्याने तिथे जाऊन विरघळणंच उपयोगाचं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रोबायोटिकचे शेकडो दावे फेटाळले, पण दह्याचा हा दावा मान्य केला. अट एकच: ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जीवाणू. अमेरिकी खुणेतली गोठवलेल्या दह्याची १ कोटीची अट या मोजपट्टीवर अपुरी पडते. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी गोठवलेलं दही थोडं खाऊन पाहावं. सोसेलच असं गृहीत धरू नये, कारण मिश्रणात दुधाची भुकटी वरून घातलेली असते आणि तिच्यातून लॅक्टोज वाढतं.

राहिली साखर. हा या पदार्थाचा सर्वांत कच्चा दुवा.

आंबट पदार्थ गोड लागायला जास्त साखर लागते, आणि थंडीने जिभेची गोडाची जाण मंदावते, म्हणून आणखी लागते. साखर कमी केली तर दही दगडासारखं गोठतं, कारण साखरच पाण्याचा काही भाग द्रव ठेवते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांत व्हॅनिलाच्या मऊ गोठवलेल्या दह्याच्या अर्ध्या कपात सुमारे ११५ कॅलरी, ४ ग्रॅम स्निग्धांश आणि १७ ग्रॅम साखर आहे. त्याच मापाच्या व्हॅनिला आइस्क्रीममध्ये सुमारे १३७ कॅलरी, ७ ग्रॅम स्निग्धांश आणि १४ ग्रॅम साखर. म्हणजे स्निग्धांश कमी, साखर जास्त. कॅल्शियम दह्यात थोडं अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेली, वरून घातलेल्या साखरेची आदर्श मर्यादा दिवसाला साधारण २५ ग्रॅम आहे. दह्यातल्या १७ ग्रॅमपैकी काही साखर दुधाची स्वतःची असते हे खरं. पण कप अर्धाच कोण भरतं? आपल्या हाताने भरून वजनावर पैसे द्यायच्या दुकानांमध्ये कप मोठे असतात, आणि वर चॉकलेटचे तुकडे, बिस्किटांचा चुरा, रंगीत गोळ्या पडतात. त्यापेक्षा फळं आणि बदाम-अक्रोड घेतले तर तोच कप खरोखर चांगला खाऊ होतो.

भारतात या विषयाची दखल सरकारी पातळीवरही घेतली गेली. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये अन्नातल्या प्रोबायोटिकसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली: वाणाची ओळख पटलेली असावी, तो सुरक्षित असावा, आणि टिकण्याची मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील हे वेष्टनावर सांगावं. याआधीच, २००७ मध्ये, अमूलने प्रोबायोटिक आइस्क्रीम बाजारात आणलं होतं, त्याचा एक बिनसाखरेचा प्रकारही होता. गोठवलेल्या पदार्थातून जीवाणू पोचवण्याची कल्पना भारतीय सहकारी डेअरीने तेव्हाच आजमावली, याचं श्रेय तिला द्यायला हवं.

मराठी घरात आंबट-गोड दह्याचा मान श्रीखंडाचा. चक्क्यात जीवाणू भरपूर असतात, पण ते बल्गॅरिकस आणि थर्मोफिलस या जोडीहून बरेचसे वेगळे: घरच्या विरजणात २५-३० अंशांच्या उबेत वाढणारे लॅक्टोकॉकस जातीचे जीवाणू मोठ्या संख्येने असतात. श्रीखंडात साखर मात्र खूप. भारतीय मानकानुसार श्रीखंडाच्या कोरड्या भागात ७२.५ टक्क्यांपर्यंत साखर चालते. काही डेअऱ्या ते जास्त दिवस टिकावं म्हणून पुन्हा तापवतात, आणि मग तिथेही तोच प्रश्न उभा राहतो.

ज्याला जिवंत जीवाणू हवेत आणि साखर आपल्या हातात ठेवायची आहे, त्याला घरी हे सहज जमतं. सायीच्या दुधाचं ताजं, फार न आंबलेलं दही फडक्यात तीन-चार तास टांगायचं. पाणी जितकं निथळेल तितके बर्फाचे कण कमी. त्यात पिकलेल्या आंब्याचा, चिकूचा किंवा केळ्याचा गर घालायचा. फळाची गोडी असली की साखर चमचा-दोन चमचेच लागते. पसरट डब्यात पातळ थर देऊन फ्रीझरच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवायचं, म्हणजे ते लवकर गोठतं, आणि पहिले दोन-तीन तास दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडून ढवळायचं. यंत्रातल्या पात्याचं काम तो काटा करतो. हवं तेवढंच काढून घ्यावं. डबा बाहेर राहून सगळं वितळलं तर ते तसंच पिऊन टाकावं, पुन्हा गोठवू नये: दुसऱ्या खेपेस घरचा फ्रीझर ते संथपणे गोठवतो, स्फटिक मोठे होतात, दही चरचरीत लागतं, आणि पहिल्या गोठण्यातून वाचलेल्या जीवाणूंपैकी आणखी काही मरतात.